धूर हाय का अजून?

"धूर हाय का गं अजून?"

हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी, करायचा तर पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचं, डावा हात उशाशी, तोंड भिंतीकडे. मशीन त्याच्या पाठीमागे, आणि मी मशीनपाशी. बहुतेक माणसं निमूट पडून भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. ही बाई मात्र पडल्या पडल्या मान उलटी फिरवायची, इतकी की गळ्यातली काळी पोत मानेत रुतायची, आणि स्क्रीनकडे बघत हा एकच प्रश्न विचारायची.

"मावशी, मान सरळ ठेवा. चित्र हलतंय."

"हलू दे की. काळीज माझं, चित्र माझं, आन् मीच नको बघू?"

तुमचा कधी इको झाला असेल तर तुम्हाला ती खोली ठाऊक असेल. पडदे ओढलेले, एसी गार, छातीवर थंडगार जेल. माणसं त्या खोलीत आवाज खाली आणून बोलतात. मावशी मागावर बसल्यासारखी बोलायची, मोठ्याने, खटखटाटाच्या वरून. बाहेर बाकावर बसलेल्यांना तिच्या हृदयाची हालहवाल माझ्याआधी कळायची.

तिचं नाव सांगत नाही. नाव फायलीवर होतं. रिसेप्शनवरची मुलगी "पैठणीवाल्या मावशी आल्या" एवढंच म्हणायची, आणि आम्हाला कळायचं. मी तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणायचे. इथे लिहिताना 'ती' येतंय. माझ्या आईबद्दल लिहिलं तरी 'ती'च येईल, म्हणून राहू देते.

मावशी येवल्याची. माहेरही येवल्यातच, सासरही. माहेरी एक खोली, आणि त्या खोलीतली निम्मी जागा मागाने खाल्लेली. मुलं मागाच्या कडेने, सामान सरकवून झोपायची. वडील विणायचे, आई कांड्या भरायची. घरात रेशीम असायचं ते दुसऱ्याचं. "आमच्या घरात रेशमाला गादी आन् आमाला गोणपाट," असं ती हसत सांगायची.

लहानपणी तिचा घसा दुखला. मग ताप आला. मग गुडघे सुजले, ते उतरले तर मनगटं सुजली. आईने निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला. दवाखाना होता, पण दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवस माग बंद, आणि माग बंद म्हणजे काय ते विणकराच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. ताप गेला. सूज गेली. आईने निर्गुडीला हात जोडले.

सांधे बरे झाले, पण तो आजार जाता जाता हृदयाच्या झडपेवर व्रण ठेवून जातो. वर्षानुवर्षं काही कळत नाही. झडप हळूहळू कडक होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात, आणि मग एक दिवस माणूस जिना चढताना मध्येच थांबतं. मावशी जिना चढताना नाही थांबली. पायाखालच्या पावड्या दाबता दाबता थांबली. "माग चालूच होता, मीच बंद पडले," हे तिचं वाक्य.

आता थोडं माझ्याबद्दल. मी दिंडोरीकडची. आई द्राक्षबागेत घड विरळायला जायची, वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर फवारणी करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. पदवी घेतानाचा काळ्या झग्यातला फोटो आईने इंदिरानगरच्या आमच्या भाड्याच्या घरात अगदी दारासमोर लावलाय, म्हणजे दूधवाल्यालाही दिसावा. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही असं लोक म्हणतात. मी मोठेपणासाठीच सांगते.

पण शिकून काय मिळालं, तर बघता येणं. हृदयात काय चाललंय ते मला दिसतं. त्याचं काय करायचं ते माझ्या हातात नाही. आणि जे दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. अर्धवट ऐकून माणसं घाबरतात, म्हणून सांगायचं ते डॉक्टरांनी. नियम बरोबर आहे. मी तो पाळतेही. मावशीला मात्र तो मुळीच मान्य नव्हता.

"धूर हाय का गं?"

"डॉक्टर सांगतील."

"जाड हाय का पातळ?"

"डॉक्टर सांगतील, मावशी."

"तुझ्या तोंडाला कुणी ठेका लावून दिलाय? डॉक्टर सांगतील, डॉक्टर सांगतील. आमचा मागावरचा धोटा बरा, तो निदान दोन्हीकडं जातो."

'धूर' हा शब्द तिला मी दिला नव्हता. पहिल्या वेळी आमचे डॉक्टर सर स्वतः इको बघायला आले, स्क्रीनवर बोट ठेवून मला म्हणाले, "बघ, स्मोक." मावशीचे कान तिखट. सर गेल्यावर म्हणाली, "इस्मोक म्हंजे धूरच ना? बसस्टँडवर पाटी हाय, नो इस्मोकिंग. मी तर कधी तपकीरसुद्धा लावली नाय. माझ्या काळजात कुणी पेटवली?"

मग तिला समजावणं आलं. तिच्या आजाराचं नाही, ते सरांचं काम. पण धूर म्हणजे काय हे सांगायला हरकत नव्हती.

माणसांना वाटतं इकोत रक्त लाल दिसत असेल. तसं नाही. धड वाहणारं रक्त दिसतच नाही. हृदयाच्या भिंती दिसतात, झडपा दिसतात, आणि मधे जिथे रक्त असतं तिथे काळोख. मशीन शरीरात आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा, आणि जो आवाज आपटून परत येतो त्याचं चित्र काढतं. रक्तातल्या पेशी इतक्या बारीक, की त्या सुट्या सुट्या पळत असल्या तर त्यांच्यावरून परत येणारा आवाज जवळजवळ नसतोच. पण रक्त मंदावलं, एका जागी घुटमळायला लागलं, की पेशी एकमेकींना चिकटतात. भाकरींची चवड लागते तशा. ह्या चवडींवरून आवाज परत यायला लागतो, आणि काळोखात करडं काहीतरी दिसतं. सावकाश गोल फिरतं, वर जातं, वळतं, पुन्हा खाली येतं. बघायला सुंदर असतं, खोटं कशाला बोला. पण जिथे धूर तिथे पुढे गाठ धरण्याची भीती.

"म्हंजे माझं रक्त खराब नाय?" तिने विचारलं.

"रक्त चांगलंच आहे. हळू वाहतंय फक्त."

"का हळू?"

"सरांनी सांगितलं ना, पुढची झडप पुरती उघडत नाही म्हणून."

तिने जरा विचार केला. "म्हंजे मार्केटचं गेट अर्धंच उघडलंय म्हणायचं. आन् मागं कांद्याच्या ट्रॅक्टरांची लाइन. एकाला एक चिकटून. डायवर खाली उतरून तंबाखू मळत बसलेत."

"हां. तसंच."

"मग गेट उघडा की!"

गेट उघडायचंच ठरलं होतं. मांडीतल्या शिरेतून नळी वर न्यायची, झडपेत फुगा फुगवायचा, चिकटलेल्या कडा सुट्या करायच्या. छाती फाडायची गरज नाही. त्याआधी घशातून नळी घालून हृदय मागच्या बाजूने बघतात, तेही झालं. सरांनी बघितलं, मी शेजारी उभी होते. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक कोपरा असतो. त्या कोपऱ्यात धूर नुसता फिरत नव्हता, बसला होता. गाठ झाली होती.

गाठ असताना फुगा घालता येत नाही. नळीचा धक्का लागून गाठ सुटली तर रक्ताबरोबर मेंदूत जाते. म्हणून आधी रक्त पातळ करायची गोळी, रोज, ठरल्या वेळेला, काही महिने. गाठ विरघळली की फुगा. सरांनी हे तिला आणि तिच्या नवऱ्याला दोनदा सांगितलं. गोळीबरोबरची पथ्यंही सांगितली. रक्त किती पातळ झालंय ते बघायला नियमाने तपासणी, आणि मेथी, पालक अशा हिरव्या भाज्या बेताने, कारण त्यांनी गोळीचा जोर कमी होतो.

नवरा म्हणजे बोलायच्या आधी खाली बघणारा माणूस. तो म्हणाला, "गाठ हाय म्हंजे..."

"म्हंजे फुगा पुढच्या जत्रेला," मावशी म्हणाली.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा धूर पातळ होता. मला सांगायचं नव्हतं, पण माझा चेहरा तिने वाचला असणार. आनंदात होती. कुशीवर पडूनच तिने एक गोष्ट सांगितली.

"परवा काय झालं, मागावर बसले होते, वाकून कोयरी भरत होते. टप्पकन नाकातून रक्त. गोळीनं पातळ झालंय ना! थेंब थेट साडीवर."

"अगं बाई! मग?"

"मग काय! कुंकवाच्या रंगाची पैठणी. रंगात रंग गेला. मलाच सापडंना कुठं पडला ते." ती इतकी हसली की स्क्रीनवर काही दिसेना. मीही हसले. "आता ती साडी नेसणारी मिरवंल, आन् तिला ठावं नाय की तिच्यात मीबी हाय."

सरांना मी ते लगेच सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं, गोळी थोडी कमी करून दिली, नाकातून पुन्हा रक्त आलं तर लगेच फोन करायला सांगितलं. सगळं नीट चाललं होतं. असंच चाललं असतं तर गाठ गेली असती.

त्या दिवशी जाताना ती दारात थांबून म्हणाली होती, "आता नवी लावलीय. मोतिया. मोराचा पदर. व्यापारी म्हन्ला, ही तुमच्याच हातची पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या हातची नको." आणि पदवीचा फोटो दाखवताना माझी आई जशी बघते, तसं तिने माझ्याकडे बघितलं.

मोतिया म्हणजे मोत्यासारखा पांढरट रंग. मला तेव्हा तो नुसता रंग वाटला.

त्यानंतर ती आली तेव्हा धूर दाट होता. मी नीट बघून घ्यावं म्हणून मशीनची घुंडी फिरवली. ही घुंडी आवाज किती ऐकायचा ते ठरवते. खूप वर नेली तर चांगल्या हृदयातही उगाच धुरकट दिसतं, म्हणून धूर खरा का खोटा ते बघायला आम्ही ती खालीवर करतो. खाली आणत गेले तसा धूर फिका होत गेला आणि पार दिसेनासा झाला.

"गेला!" मावशी ओरडली. मान उलटी, डोळे स्क्रीनवर. "गेला गं! काळं झालं! मला दिसलं!"

माझा हात घुंडीवर तसाच राहिला.

"मावशी, तो गेला नाही. मी मशीनचा आवाज कमी केला."

"म्हंजे?"

मी घुंडी परत जागेवर आणली. धूर परत आला. सावकाश, गोल, जसा होता तसा. ती बघत राहिली. मग मान सरळ करून भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ती आपणहून सरळ पडून राहिली. तिथूनच म्हणाली, "तशीच ठेवली असती जरा वेळ, तर तुझं काय गेलं असतं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

सरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला. रक्त पातळ झालेलंच नव्हतं, गोळी घेतच नसल्यासारखं. सर चिडले. "गोळ्या घेता का नाही?"

"घेते की."

"मग हे असं कसं?"

मावशीने मान खाली घातली. "मेथी खाल्ली हो साहेब."

"मेथी? सांगितलं होतं ना बेताने खायची?"

"लय आवडती. राहवत नाय."

सरांनी तिला समजावलं, आणि मेथीला जेवढी नावं ठेवता येतील तेवढी ठेवली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. धूर आणखी दाट, रक्त तसंच, आणि उत्तर तेच. मेथी. आता सर नवऱ्याकडे वळले.

"घरात मेथी आणतं कोण?"

नवऱ्याने वर बघितलं. "साहेब, आमच्याकडं मेथी..."

"तुमी गप बसा हो," मावशी म्हणाली. "हेच आणत्यात साहेब. जुडी बघितली की हात राहत नाय ह्यांचा."

सर म्हणाले, "ह्यापुढे मेथीची जुडी दारात आली तर तुम्हालाच अॅडमिट करीन." बाहेर बसलेली माणसं हसली. नवऱ्यानेही हसल्यासारखं केलं. मेथी म्हणजे तेव्हा आमच्या डिपार्टमेंटमधला विनोदच झाली होती. डब्यात कुणी मेथीचा पराठा आणला की आम्ही म्हणायचो, सरांना दाखवू नको.

मला मात्र चैन पडेना. मी जेल पुसता पुसता तिला हळूच विचारलं, "मावशी, खरं सांगा. गोळी रोज घेता ना?"

"घेते गं."

"मेथी सोडा हो. एवढं तरी करा."

ती उठून बसली, ब्लाउजची बटणं लावली, पदर नीट केला. तिची बोटं मला अजून दिसतात. लांब, पातळ, टोकांना रेशमाने घासून गुळगुळीत झालेली. म्हणाली, "एवढा पदर होऊ दे. मग मेथी सोडते. तुझ्या गळ्याची आण."

पदराचा आणि मेथीचा काय संबंध, असं माझ्या मनात आलं. बाहेर पुढचा पेशंट उभा होता.

सरांनी आता तपासणी लवकर ठेवली, डोस वाढवला, नवऱ्याचा फोन नंबर घेतला, मी दोनदा फोन करून आठवण दिली. फोन मावशीच उचलायची. मागे माग चालू असायचा, ठक ठक, ठक ठक. "घेतली घेतली," ती म्हणायची. "मोर उभा राहिलाय आता, फक्त पिसारा राहिलाय." गोळीचं विचारलं की मोराचं सांगायची. मी इथे, ती तिथे, मधे सगळा रस्ता. तिच्या हृदयात तो करडा भोवरा फिरतोय हे मला घरी भाजी निवडतानाही दिसायचं, आणि दिसण्याच्या पलीकडे मला काही करता येत नव्हतं.

मग एक दिवस ती स्ट्रेचरवरून आली.

नवरा स्ट्रेचरचा दांडा धरून चालत होता. मागावरच झालं होतं. उजव्या हातातून धोटा निसटून खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि हात उचललाच नाही. नवऱ्याला हाक मारायला गेली, तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज आला. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता. येवल्याहून गाडी करून आणेपर्यंत वेळ जायचा तो गेला.

मला इको करायला सांगितलं. मी तिला कुशीवर वळवलं. मान वळली नाही. ती भिंतीकडे बघत पडून राहिली, सगळ्या पेशंटसारखी. खोलीत एवढी शांतता मी तिच्या वेळी कधी ऐकली नव्हती. स्क्रीनवर धूर होता. निवांत फिरत होता, जसं काही झालंच नव्हतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी पाण्याची बाटली दिली. त्याने ती हातात धरली, उघडली नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "आमच्या घरात मेथी शिजतच नाय. तिला वासच चालत नाय मेथीचा. लगीन झाल्यापासनं मी मेथी खाल्ली नाय."

मी खोलीचं दार ओढून घेतलं.

"गोळी बंद केली होती तिनं. मोतिया लावली तवापासनं. नाकातनं थेंब आला तर? लाल साडीवर पडला तो पडला. मोतियावर कुठं लपवायचा? धुता येत नाय, खोडता येत नाय. एक थेंब पडला की साडी गेली. म्हन्ली, एवढी उतरू दे मागावरनं, मग घेते रोज. मी म्हन्लो, तू बाजूला हो, मी विणतो. मीबी विणकरच हाय. तर म्हन्ली, हात बदलला की पोत बदलतं. निम्मी माझी, निम्मी तुमची, व्यापारी हात फिरवूनच ओळखंल. आमच्यात एकानं लावलेली साडी दुसरा हात उतरवत नाय." त्याने बाटली दुसऱ्या हातात घेतली. "खरं हाय ते. तिच्या हाताचा ठोका येगळा हाय."

"साहेबांना का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो. ती म्हन्ली गप बसा."

तुम्ही म्हणाल, अडाणीपणा. आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका ताईंनी हाच शब्द वापरला. मी म्हटलं, नाही. तिला गोळीही कळत होती, गाठही कळत होती. मार्केटचं गेट तिने मला समजावलं होतं. फक्त काळजातला धूर पडद्याआड होता, आणि ते मोतिया रेशीम रोज डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. माझ्या आईने फवारणीच्या दिवसांत, ताप अंगात असताना, "एवढी ओळ होऊ दे" म्हणून बागेत काम केलेलं मी बघितलंय. ते 'एवढं होऊ दे' मला ओळखीचं आहे. आणि ओळखीचं असूनही ते मला तिच्या बोलण्यात ऐकू आला नाही, कारण मधे मेथी उभी होती.

नवऱ्याने सांगितलेलं मी त्याच दिवशी सरांच्या कानावर घातलं. पुढचे महिने गोळी नवरा द्यायचा. स्वतःच्या हाताने जिभेवर ठेवायचा, पाणी पाजायचा, आणि गिळली का ते बघायचा. उजवा हात थोडा उचलायला लागला, बोटं मात्र मिटलेलीच. बोलणं आलं नाही. हाक, हुंकार, रडणं, हसणं एवढं यायचं. शब्द यायचा नाही. रक्ताचे रिपोर्ट आता चोख येत होते. आता नाकातून थेंब पडला असता तर कशावर पडणार होता?

पुन्हा घशातून नळी घातली. कोपरा रिकामा होता. गाठ विरघळली होती. सरांनी फुगा फुगवला, झडप उघडली. मी खोलीबाहेर काचेतून बघत होते. सर बाहेर आले, मास्क काढला आणि म्हणाले, "मस्त उघडली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेथी."

घरी पाठवण्याआधी शेवटचा इको माझ्याकडे आला. ती चाकाच्या खुर्चीतून आली. नवऱ्याने कॉटवर बसवलं, मी कुशीवर वळवलं, डावा हात उशाशी, उजवा हात मीच उचलून तिच्या अंगावर ठेवला. जेल लावलं. स्क्रीनकडे बघितलं.

वरचा डावा कप्पा काळा होता. नुसता काळोख, स्वच्छ. झडप उघडत होती, मिटत होती, आणि तिच्यातून रक्त कुठेही न घुटमळता जात होतं, म्हणून दिसत नव्हतं.

तेवढ्यात कॉट करकरली. तिची मान हळूहळू वळत होती. आधीइतकी सहज नाही, मधे थांबत, जोर लावत. पण वळली. डोळे स्क्रीनवर आले. तोंड उघडलं. "ध्..." असा काहीसा आवाज आला आणि तिथेच राहिला.

मी म्हटलं, "बघा मावशी."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग उशाशी ठेवलेला डावा हात तिने सोडवून घेतला, खांद्यावरून मागे आणला आणि मशीनकडे बोट केलं. मला कळेना. मी म्हटलं, "काय हवंय? दुखतंय का?" तिने मान हलवली, वैतागून, जुन्यासारखी. आणि दोन बोटांनी हवेत काहीतरी फिरवून दाखवलं.

घुंडी.

एकदा फसली होती ती. पुन्हा फसायची नव्हती.

मी घुंडी वर नेली. तिला दिसेल असा हात बाजूला धरून, सावकाश. स्क्रीनवर दाणे आले, रव्यासारखे, सगळीकडे. आणखी वर नेली. अगदी टोकापर्यंत. दाणे दाट झाले, पण फिरणारं काही नव्हतं. भोवरा नव्हता. कुठे काही वळत नव्हतं.

आमच्या नियमाप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, डॉक्टर सांगतील.

"नाही मावशी," मी म्हणाले. "धूर नाही."

तिने घुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मान सरळ केली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिचा डावा हात अंगावर ठेवलेल्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता. उघडायची, सोडली की मिटायची. पुन्हा उघडायची.

नंतर ती आमच्याकडे आली नाही. तपासण्या येवल्यातच होतात, रिपोर्ट नवरा फोनवर पाठवतो. एकदा मी त्याला मोतिया साडीचं विचारलं. तो म्हणाला, मागावरच आहे, वर स्वच्छ धडपा टाकलाय. एका मोराचा पिसारा राहिलाय. व्यापाऱ्याने मागितली नाही. नवऱ्यानेही तिला हात लावला नाही. तो दुसऱ्या मागावर बसतो, आणि ती शेजारी बसून बघते.

आमच्या खोलीत आता दुसरी माणसं येतात. निमूट भिंतीकडे बघत पडतात. कुणी मान वळवत नाही, चित्र हलत नाही, काम लवकर होतं.

गाठ गेली. झडप उघडली. मावशीच्या काळजात आता धूर नाही.